सात मिनिटं, अडतीस सेकंद आणि ट्रायटनची हवा

गुलमंडीच्या बाजारातलं युसूफ घड्याळवाल्याचं दुकान म्हणजे दोघं आत बसले की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं, एवढीशी जागा. पण घड्याळाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेल्या या माणसाचं एकच रडगाणं होतं: या शहरात खरी वेळ कुणालाच नको असते! घड्याळ दुरुस्त करून हातात ठेवावं, तर गिऱ्हाईक म्हणतं, "चाचा, जरा पाच मिनिटं पुढं करून द्या की." वाळूजच्या कंपनीची बस चुकू नये म्हणून कुणाचं सात मिनिटं पुढं, शाळेची घंटा चुकू नये म्हणून कुणाचं दहा. युसूफ कळवळून म्हणायचा, "अरे, पुढं आहे हे तुलाच ठाऊक आहे ना? मग तू फसणार कसा?" पण लोक फसतात. अहो, रोज सकाळी खुशीनं फसतात आणि बस पकडतात.

त्याची एकुलती एक लेक नौशीन विद्यापीठात फिजिक्सच्या एम.एस्सी.ला होती. घड्याळांत तिचा जीव कधी रमला नाही, तिचा सगळा ओढा आभाळाकडं. बरं, तिथंही चांदण्या बघून खुश होणारी पोर नव्हे ती. तिला हवा पाहिजे! कुठल्या ग्रहावर कसली हवा आहे, किती दाट, किती विरळ, कधी गोठून खाली पडते आणि कधी पुन्हा वर उठते, एवढंच तिचं दिवसभर चालायचं. ताटात भातावर दालचा वाढला की "अम्मी, शुक्रावर ना आम्लाचे ढग असतात" असं सुरू. तिची आई वहिदा म्हणायची, "आधी भात खा. शुक्र कुठं पळून नाय चालला."

तर झालं असं, की डिसेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात बेचाळीसला ट्रायटन एका ताऱ्यासमोरून जाणार होता. ट्रायटन म्हणजे नेपच्यूनचा सगळ्यांत मोठा चंद्र, इथून साडेचारशे कोटी किलोमीटर लांब. नौशीनची वर्गातली मैत्रीण करुणा बजाजनगरची. तिचे वडील कंपनीत लेथ चालवायचे, आणि विद्यापीठातल्या फिजिक्स विभागाच्या बारा इंची दुर्बिणीचा मोडका पाय त्यांनीच नव्यानं घडवून दिला होता. हीच करुणा आठवडाभर आधी नौशीनसोबत दुकानात येऊन युसूफला सगळं समजावत बसली.

"चाचा, तारा म्हणजे दिवा समजा. ट्रायटन त्याच्यापुढून गेला की तारा झाकणार, आणि त्याची छाया आपल्या अंगावरून सरकत जाणार. सव्वादोन मिनिटं, बस."

"मग विझतो तो एकदम विझतो, का हळूहळू?" युसूफनं विचारलं.

करुणानं टाळीच वाजवली. "अगदी तिथंच मेख आहे! हवा नसली तर बटन दाबल्यासारखा फटकन जातो. हवा असली तर विरत विरत जातो. किती सेकंद विरला त्यावरून तिथली हवा किती, हे मोजायचं. आपल्या हवेच्या सत्तर हजाराव्या भागाएवढी विरळ हवा, चाचा, आणि ती मोजायची वेरूळला माझ्या मामाच्या शेतात बसून!"

"आणि छायेच्या बरोब्बर मधोमध जो असंल ना, त्याला अंधारात मधेच एक चमक दिसते," नौशीन डोळे मोठे करून म्हणाली. "चंद्राभोवतीची हवा भिंगाचं काम करते अब्बा. सगळीकडून उजेड वाकवून मध्यावर गोळा करते."

भिंग म्हटल्यावर युसूफला ते पटकन कळलं. एवढ्या लांबच्या, न दिसणाऱ्या हवेचं भिंग! तो हातातला चिमटा खाली ठेवून बराच वेळ बाहेर बघत बसला.

पण ती चमक आपल्या नशिबात नाही, असं पोरी म्हणाल्या. देशभर नऊ ठिकाणी नऊ गट बसणार होते, आणि या सगळ्यांचे म्होरके पुण्याचे शास्त्रज्ञ इंद्रजीत सर. त्यांच्या हिशोबानं छायेचा मध्य बीडच्या बाजूनं जाणार होता. तिथं ते स्वतः मोठी दुर्बीण घेऊन बसणार. वेरूळवाल्यांनी आपलं कडेचं मोजमाप करायचं. पोरींना तेवढंही लई होतं.

गुरुवारी दुपारी करुणाचा लॅपटॉप बंद पडला. मेला म्हणजे मेलाच, काही केल्या उठेना. पोरी धापा टाकत गुलमंडीत आल्या आणि युसूफचा दुकानातला लॅपटॉप मागितला. जुन्या घड्याळांच्या आतले नकाशे बघायला तो युसूफनं घेतला होता, त्याला नेटबिट काही जोडलेलं नसायचं. तारा ज्या क्षणी विझेल त्याची वेळ याच लॅपटॉपच्या घड्याळावरून नोंदली जाणार होती.

"वेळ तपासून घ्यायची का गं?" करुणा म्हणाली. "सरांनी शंभरदा बजावलंय."

नौशीन हसली. "अगं, घड्याळवाल्याच्या दुकानातला लॅपटॉप आहे हा. याचीच वेळ चुकली तर मग कुणाची बरोबर असणार?"

डोळ्याला भिंग लावलेल्या युसूफची छाती हे ऐकून इंचभर फुगली, आणि तो गप्प बसला. माती खाल्ली ती इथंच.

संध्याकाळी युसूफही दुकान बंद करून त्यांच्यासोबत गेला. वेरूळच्या पलीकडं करुणाच्या मामाचं, सोमनाथचं शेत होतं. चहूकडं ज्वारी, फोनला रेंज नाही, गाडीचा दिवा नाही, आणि थंडी अशी की दात वाजावेत. शनीच्या शेजारी जिथं नेपच्यून आहे तिकडं दुर्बीण लावली. तिच्या कॅमेऱ्यातून लॅपटॉपच्या पूर्ण पडद्यावर एकच ठिपका, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा झाकलेलं. ट्रायटन आणि तारा इतके जवळ आले होते की दोघांचा मिळून एकच. युसूफ मनगटावरच्या घड्याळात बघून सेकंद मोजत होता. ते घड्याळ मात्र त्यानं जन्मात कधी पुढं केलं नव्हतं.

"सात बेचाळीस... पाच... सहा..."

"चालला!" करुणा ओरडली.

ठिपका मंद होऊ लागला. फटकन नाही, विरत विरत, रॉकेल संपत आलेल्या कंदिलासारखा. युसूफच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे हवा आहे! तिथं, त्या गोठलेल्या गोळ्यावर, खरंच हवा आहे, आणि ती आपल्याला आत्ता, इथं, ज्वारीच्या बांधावर बसून दिसतेय! मग ठिपक्यात फक्त ट्रायटनचा तेवढा फिकट उजेड राहिला. नौशीननं बापाचा हात गच्च धरला होता. एक मिनिट झालं. आणखी पाच-सात सेकंद गेले.

आणि ठिपका भक्कन पेटला.

"या अल्लाह! अब्बा! अब्बा, चमक!"

दोन-तीन सेकंदच राहिला, पुन्हा विझला. करुणानं एवढ्या मोठ्यानं किंकाळी फोडली की वस्तीवरची सगळी कुत्री उठली आणि सोमनाथमामा काठी घेऊन पळत आला. दोघी पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. "दुर्बिणीला धक्का लावू नका गं!" असं म्हणत युसूफ स्वतःच नाचत होता. मिनिटभरानं तारा पुन्हा विरत विरत वर आला, त्याच्याकडं कुणी धड बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी नौशीननं पेनड्राइव्हवर फाइल घेऊन विभागातल्या कॉम्प्युटरवरून पुण्याला पाठवली. शनिवारी दुपारी इंद्रजीत सरांचा फोन आला. नौशीननं तो दुकानातच सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, कारण कौतुक बापाच्या कानावर पडायला पाहिजे होतं.

"नौशीन, तुझी चमक खरी दिसतेय," सर म्हणाले. "छायेचा मध्य आपल्या हिशोबापेक्षा वर सरकला. आम्ही बीडला बसलो आणि चमक काही हातात आली नाही. ती तुमच्या डोक्यावरून गेली. नऊ जणांत चमक फक्त तुम्हाला मिळाली. पण तुझ्या फाइलमधे अंधार सात एकोणपन्नासला पडतोय. सात मिनिटांहून जास्त उशीर!"

"सात एकोणपन्नास?" नौशीन म्हणाली. "नाही सर, आम्ही डोळ्यांनी बघितलं, बेचाळीसलाच..."

युसूफनं चिमटा खाली ठेवला. त्याला आठवलं. दिवाळीच्या गर्दीत जेवायला घरी जायला रोज उशीर व्हायचा, वहिदाची कटकट असायची. म्हणून त्यानं एके दिवशी गुपचूप लॅपटॉप सात मिनिटं पुढं करून ठेवला होता. त्यानं! साऱ्या गावाला शहाणपण शिकवणाऱ्यानं! कुणाला सांगितलंही नव्हतं, लाज वाटत होती म्हणून.

आता गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पोरीला वाटलं असतं, आपलंच काही चुकलं. खरं सांगायचं तर क्षणभर तेही मनात आलं त्याच्या. पण लेकीचं तोंड बघितलं आणि तो बोलून गेला.

"साहेब, ते घड्याळ मी पुढं केलं होतं. सात मिनिटं."

"नेमकं सात?"

"करताना नेमकं. पण दीड महिना झाला. तेवढ्यात पळालं असंल अजून."

पलीकडं उसासा ऐकू आला. "चाचा, छाया सेकंदाला वीस किलोमीटर पळते. वेरूळहून तुमच्या शहरात पोचायला तिला दीड सेकंद पुरतो. मला सेकंदाचा दहावा हिस्सा पाहिजे, त्याशिवाय बाकीच्यांच्या नोंदींशी ही चमक जुळवता येत नाही. एकच साक्षीदार, आणि त्याचंच घड्याळ चुकीचं, तर ती साक्ष मी कशी मांडू? बुधवारी रात्री मी सगळे आकडे बंद करतोय. तोवर काही झालं तर ठीक, नाहीतर वेरूळची नोंद वगळावी लागेल."

फोन बंद झाला. नौशीन बापाकडं वळली.

"आख्ख्या गावाला टोकता ना अब्बा तुम्ही? लहानपणापासून ऐकतेय मी. आणि माझ्याच वेळेला..." ती पायरीवर जाऊन बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. करुणा तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली.

युसूफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा हात आपसूक लॅपटॉपकडं गेला: निदान ही चूक तरी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करू, ही वेळ तरी नीट लावू. बोट बटनापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. तीस वर्षांची सवय होती ती, तिनंच थांबवलं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा काटा आधी फिरवायचा नाही. ते किती चुकलंय हे आधी लिहून घ्यायचं. चूक हीच घड्याळाची हकीकत, ती पुसली की मग त्याच्या दुखण्याचा पत्ता लागत नाही.

"नौशीन!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की समोरचा कापडवालासुद्धा वळला. "याला नेट लावलंस का तू? गुरुवारपासून?"

"नाय," ती ओढणीतूनच म्हणाली.

"वेळेला हात?"

"कुणी कशाला लावंल?"

"मग ऊठ! ऊठ बेटा! चूक अजून शाबूत आहे. मी चाल काढतो."

चाल काढणं म्हणजे काय, ते गुलमंडीत सगळ्यांना ठाऊक. युसूफ दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच देत नसे. आठ दिवस खिळ्यावर टांगून ठेवायचा, रोज सकाळी खऱ्या वेळेशी ताडून बघायचा. दिवसाला किती पुढं पळतं, किती मागं राहतं, ती त्याची चाल. चाल एकदा कळली की ते घड्याळ चार दिवसांपूर्वी किती वाजता काय दाखवत होतं, हे तो बसल्या जागी सांगायचा. मग लॅपटॉपमधलं घड्याळ तरी काय, घड्याळच की!

करुणाला आधी उलगडलं. "आज किती पुढं आहे ते मोजायचं, रोज किती पळतं ते काढायचं, आणि गुरुवारपर्यंत मागं जायचं! चाचा, लई भारी!"

"एवढं सोपं नाय ते," युसूफ म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आता निराळीच चमक आली होती. "थंडीत घड्याळाची चाल निराळी, उबेत निराळी. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिलं काय विचारतो? रात्री घड्याळ कुठं ठेवता? उशाला, का कपाटात, का चुलीजवळ? आता सांगा, हा लॅपटॉप गुरुवारपासून कुठं कुठं झोपला?"

मग उलटतपासणी सुरू झाली. सगळं वहीत उतरवलं. गुरुवारी सातपासून नऊपर्यंत शेतात, चालू. मग दोन तास पिशवीत, बंद. रात्र घरी, आणि शुक्रवारपासून दुकानात, बंद. घरी कुठं? वहिदाला फोन लावला.

"अजी, मी कशाला लक्षात ठेवू तुमचा डबा कुठं ठेवला ते?" वहिदा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "थांबा. फ्रिजवर होता. सकाळी मी दूध काढताना फडकं मारलं ना त्याच्यावर."

"फ्रिजवर! म्हणजे रात्रभर उबेला!" युसूफनं मांडीवर थाप मारली. "जियो वहिदा!" लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण एवढ्या जोरात तारीफ तिनं पहिल्यांदा ऐकली असावी, कारण "काय म्हणालात?" असं तिनं दोनदा विचारलं.

रविवार, सोमवार, मंगळवार. हे तीन दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू! विभागातून उपग्रहावरून वेळ दाखवणारी एक डबी आणली. ती लॅपटॉपशेजारी ठेवायची आणि दोन्हींचं मिळून फोननं संथ चित्रण करायचं, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा दिसतो. लॅपटॉपनं गुरुवारपासून जे जे भोगलं होतं ते सगळं त्याला पुन्हा भोगायला लावलं. एक रात्र फ्रिजवर. एक दिवस दुकानात बंद. संध्याकाळी पुन्हा सोमनाथमामाच्या शेतात, त्याच थंडीत, तोच प्रोग्राम चालू करून, तेवढेच दोन तास. दर खेपेला चाल निराळी निघाली: चालू असताना जरा जास्त पळायचा, पिशवीत गारठला की कमी. करुणा आलेख काढायची, युसूफ वहीत लिहायचा, नौशीन दोन्ही ताडून बघायची. रागबिग कुठल्या कुठं गेला होता. मंगळवारी तर ती म्हणाली, "अब्बा, मी उगाच बोलले त्या दिवशी," आणि युसूफ म्हणाला, "उगाच नाय, बरोबर बोललीस. आता बोलू नको, आकडा सांग."

आकडा निघाला. गुरुवारी त्या घडीला लॅपटॉप खऱ्या वेळेच्या पुढं होता सात मिनिटं, अडतीस सेकंद आणि चार दशांश. चुकलाच तर एखाद-दुसरा दशांश इकडंतिकडं, त्याहून जास्त नाही.

इंद्रजीत सरांनी आधीच बजावून ठेवलं होतं. बाकीच्यांच्या नोंदींवरून वेरूळला अंधार कधी पडायला पाहिजे याचा अंदाज त्यांनी काढून ठेवला होता, पण सांगितला नव्हता. आधी तुमचा आकडा पाठवा, मग मी ताडतो. कळलं तर तुमचा हात आपोआप तिकडं वळेल. युसूफला हे फार आवडलं. हा साहेब कामाचा माणूस आहे, असं तो म्हणाला. मंगळवारी संध्याकाळी आकडा गेला.

बुधवारी सकाळी अकराला फोन आला. तिघंही दुकानात फोन मधे ठेवून बसले होते.

"नाही जुळत," सर म्हणाले. आवाजातून वाटलं, त्यांनाही वाईट वाटत होतं. "बीड आणि वेरूळ छायेच्या वाटेवर जवळपास समोरासमोर येतात, त्यामुळे माझ्या स्वतःच्या नोंदीवरून तुमची वेळ नीट काढता येते. फरक पडतोय. तुम्ही केलेलं काम कमाल आहे, खरंच. पण... एखादी रात्र धरताना चूक झाली असेल का? ती फ्रिजवरची रात्र काढून बघता?"

नौशीनचा चेहरा पडला. करुणा हळूच म्हणाली, "चाचा, बघायचं का काढून? थोडं जवळ येईल कदाचित."

बघा, मोह असा येतो. साहेब स्वतः वाट दाखवतोय, फ्रिजवरची रात्र कुणी बघितलीय? थोडं इकडून ओढलं, थोडं तिकडून ढकललं, की काम झालं. गावातली सगळी घड्याळं अशीच तर लावलेली होती, ज्याला जी वेळ सोयीची ती. युसूफनं मान हलवली.

"नक्को बेटा. जी रात्र घडली ती घडली." आणि फोनकडं वाकून म्हणाला, "साहेब, फरक नेमका किती येतोय?"

"म्हणजे?"

"नेमका आकडा सांगा. आता तर आमचा आकडा तुमच्याकडं आहे, आता सांगायला काय हरकत?"

"शून्य दशांश नऊ आठ. जवळजवळ एक सेकंद."

"एक सेकंद." युसूफनं भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवलं. "पुरा एक?"

"हो, पुरा एक धरा."

"मग साहेब, माफ करा, पण ही माझी चूक नाय. चालीची चूक अशी गोल येत नसते. चालीची चूक मोडकी-तोडकी येते, तीन दशांश, सात दशांश, अशी. ऊब, थंडी, तेल, कचरा यांना कुठं आकडे मोजता येतात? पुरा सेकंद चुकला, पुरा मिनिट चुकला, की समजायचं माणूस मोजताना चुकला. तीस वर्षं झाली मला, घड्याळ मोडकं चुकतं आणि माणूस पुरा चुकतो."

नौशीननं घाबरून बापाचा सदरा ओढला. पुण्याच्या शास्त्रज्ञाला गुलमंडीतून कुणी असं बोलतं का?

"म्हणजे कुणी तरी सेकंद मोजताना चुकलंय, असं म्हणताय तुम्ही?" सर म्हणाले.

"व्हय. आम्ही मोजले नायत, आमचे यंत्रानं मोजलेत, तीन दिवस, चित्र काढून. तुमच्याकडं कुणी हातानं मोजलेत का ते बघा."

"माझ्याकडं... बघतो," सर म्हणाले, आणि फोन बंद झाला.

दुपार सरता सरेना. एका बाईच्या घड्याळात युसूफनं सेल उलटा बसवला, एका पोराला दुसऱ्याचंच घड्याळ दिलं. नौशीन पायरीवरून उठायची, बसायची, फोन बघायची. करुणा नखं खात होती. युसूफला आता एकच धास्ती लागून राहिली होती: आपण तोंड वर करून बोललो खरं, पण चुकलो असलो तर पोरीचं उरलंसुरलं नावही गेलं. नुसती नोंद नाही, नावच. त्यापेक्षा फ्रिजची रात्र काढलेली परवडली असती का? नाही, नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटला, आणि समोरच्या बाईला वाटलं, घड्याळ दुरुस्त होत नाही म्हणतोय.

साडेपाचला फोन वाजला. नौशीननं तो झडप घालून उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"युसूफभाई आहेत?" सर नौशीनशी बोललेच नाहीत. "युसूफभाई, चूक माझी आहे. माझी स्वतःची, बीडची. माझ्या यंत्रात दर सेकंदाला एक ठोका नोंदला जातो. पहिला ठोका शून्य धरायचा असतो, मी घाईत एक धरला. पुरा एक सेकंद! माझ्या तीन विद्यार्थ्यांनी तपासलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. ते दुरुस्त केलं आणि तुमचा आकडा आता सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत जुळतोय. ऐकताय ना? पन्नासाव्या भागापर्यंत!"

करुणानं अशी आरोळी ठोकली की पलीकडचा चहावाला गाळणी घेऊनच बाहेर आला.

"आणि चमक?" नौशीननं विचारलं. "सर, चमक?"

"बसली, नौशीन! जिथं बसायला पाहिजे तिथंच बसली. छायेचा मध्य तुमच्या शेतापासून अवघ्या अकरा किलोमीटरवरून गेला. हवेचा दाब निघतोय, तिचा आकार निघतोय. ट्रायटनची हवा गोठून खाली बसलेली नाही. आहे ती अजून, शाबूत आहे! आणि हे आज फक्त तुमच्या नोंदीवरून सांगता येतंय. तुमची नसती तर माझी चुकीचीच छापून गेली असती. नावं सांग. वेरूळच्या नोंदीखाली तुझं, करुणाचं, आणि वेळ काढणाऱ्याचं पूर्ण नाव."

नौशीननं बापाकडं बघितलं. युसूफनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं होतं आणि तो एका घड्याळात खाली मान घालून बसला होता. फक्त ते घड्याळ त्यानं उघडलेलंच नव्हतं.

"युसूफ खान," ती म्हणाली, आणि सरांना लिहायला वेळ मिळावा म्हणून एकेक अक्षर सुटं करून, मोठ्यानं, साऱ्या गुलमंडीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली. "युसूफ खान. माझे अब्बा."

युसूफनं भिंग काढलं. ते आतून सगळं ओलं झालं होतं. मग त्यानं लपवायचं सोडून दिलं आणि गिऱ्हाइकांसमोर, रस्त्यासमोर, तिथंच बसून पोटभर रडला.